फानो अनुस्पंदन म्हणजे काय?

- प्लाझ्मॉन : प्रकाश पडल्यावर सोन्या-चांदीच्या नॅनोरचनेतील मुक्त इलेक्ट्रॉन एकत्रितपणे जे आंदोलन करतात, त्याला प्लाझ्मॉन म्हणतात.
- दोन आंदोलने : दीप्त आंदोलन प्रकाशाशी थेट जोडले जाते, तर अदीप्त आंदोलन सममित रचनेत सुप्त राहते आणि सममिती मोडल्यावर दीप्त आंदोलनामार्फत उद्दीपित होते.
- फानो रेषा : या दोहोंच्या व्यतिकरणातून वर्णपटात अरुंद, असममित रेषा उमटते; हेच फानो अनुस्पंदन. अशा रेषेचे सूत्र उगो फानो यांनी १९६१ मध्ये अणूंच्या संदर्भात मांडले.
- संवेदन : पाण्यातील रचनेवर प्रथिने चिकटली, की पृष्ठभागालगतचा अपवर्तनांक (पाण्याचा सुमारे १.३३) वाढतो आणि रेषा अधिक तरंगलांबीकडे सरकते.
- गुणवत्तांक : अपवर्तनांकाच्या एकक बदलामागे रेषा जितकी सरकते, त्याला रेषेच्या रुंदीने भागल्यास गुणवत्तांक मिळतो.