एकशे सहा ताप, तब्येत ठणठणीत

कोंबडी निसटू नये म्हणून आपण तिला छातीशी घट्ट आवळून धरतो. तशीच धरून ठेवली तर ती मरू शकते. चोच मोकळी, गळा मोकळा, तरी जीव गुदमरतो. आपल्या छाती-पोटाच्या मध्ये श्वासाचा जो पडदा असतो, तो कोंबडीला नाहीच. तिचं छातीचं हाड खाली-वर होतं आणि त्या हालचालीनं अंगातल्या हवेच्या पिशव्या लोहाराच्या भात्यासारख्या भरतात, रिकाम्या होतात. फुप्फुस मात्र जवळजवळ जागचं हलत नाही. हाड दाबलं की भाता बंद! आणि तिला थर्मामीटर लावला तर पारा 106-107 फॅरनहाइटवर. माणसाला एवढा ताप आला तर घरदार दवाखान्यात धावेल. कोंबडीची ती रोजची तब्येत.

हे मोहोपाड्यात सांगायचं कारण असं, की जनावरांचं डॉक्टर व्हायचं म्हणणारी मुलं-मुली इथेही आहेत आणि त्यांच्या अभ्यासात कोंबडी फक्त आकृतीत येते. आपल्याकडे पशुवैद्यकाची वाट सरळ आहे. बारावीला भौतिक, रसायन, जीवशास्त्र, मग नीटचे गुण. परळचं मुंबई पशुवैद्यकीय महाविद्यालय 1886 पासून उभं आहे. पुढे नागपूर, परभणी, उदगीर, शिरवळ इथेही महाविद्यालयं झाली. साडेपाच वर्षांचा अभ्यासक्रम, त्यातलं शेवटचं वर्ष प्रत्यक्ष कामाचं. पण दारातून आत येताना कुणी विचारत नाही, की बाई गं, तू कधी म्हशीच्या अंगाला हात लावलास का?

अमेरिकेत हेच विचारतात. तिथल्या प्रवेशअर्जात डॉक्टरांबरोबर केलेलं काम आणि नुसतं प्राण्यांबरोबर केलेलं काम, दोन्हींचे तास वेगवेगळे लिहावे लागतात. ब्रिटनमध्येही बरीच महाविद्यालयं आधी गोठ्यात, तबेल्यात, वेगवेगळ्या प्राण्यांबरोबर काम करून या म्हणतात. आपल्याकडे तसा नियम यावा असं मला मुळीच वाटत नाही, दुसऱ्याच दिवशी झेरॉक्सच्या दुकानात तासांचे दाखले मिळू लागतील. पण ‘वेगवेगळे प्राणी’ या अटीमागचं शहाणपण मोठं गमतीचं आहे. माणसांच्या डॉक्टरला एकाच प्रकारचं शरीर शिकायचं असतं. इथे जनावर बदललं की नियम बदलतात.

रसायनीच्या रस्त्याकडेला चरणारी गाय घ्या. ती गवत जिभेनं ओढते आणि फारसं न चावता गिळते, रवंथ नंतर निवांत. त्या घाईत तारेचा तुकडा गेला, तर तिला कळतही नाही. तो जाऊन पडतो मधमाशीच्या पोळ्यासारखी भिंत असलेल्या दुसऱ्या पोटात, आणि त्या पोटाच्या पुढे, एका पडद्यापलीकडे, असतं हृदय. पोट आकुंचन पावतं, तार पुढे सरकते. काही ठिकाणी म्हणूनच गाईला चक्क लोहचुंबक गिळायला देतात. तो आयुष्यभर पोटात बसून लोखंड धरून ठेवतो. शेळीचीही पोटं चारच, पण तिला हा आजार क्वचितच होतो. शेळी काहीही खाते ही तिची उगाच झालेली बदनामी आहे. ओठांनी पानन् पान निवडून खाणारी ती फार चोखंदळ बाई. दोघींच्या डाव्या भकाळीवर तळवा ठेवून शांत उभं राहिलं, की आत मोठं पोट मिनिटाला एक-दोनदा लाटेसारखं वर उठताना जाणवतं. ती लाट थांबली, की काहीतरी बिघडलं. पण निरोगी लाट हाताला आधी ठाऊक हवी.

ब्रॉयलर कोंबड्यांच्या शेडमध्ये तर रोगीच बदलतो. तिथे एक कोंबडी नाही, अख्खी शेड तपासायची. पिल्लं दिव्याखाली गोळा झाली तर गारठलीत, दिव्यापासून लांब पळाली तर उकडतंय, सगळीकडे सारखी पसरली तर ठीक. शेडवाला पहिल्या दिवशी आत येऊ देणार नाही, आणि ते बरोबरच आहे: घरच्या कोंबड्यांचा राणीखेत रोग तुमच्या चपलेवर बसून आत जाऊ शकतो.

मग चौक गावाच्या वर दिसणारा माथेरानचा डोंगर. मोटारी दस्तुरी नाक्याशी थांबतात, पुढे घोडे. घोडाही गवतच खातो, पण त्याला रवंथ नाही, पोट एकच, आणि गवत कुजवून पचवण्याचं काम मागच्या टोकाला, मोठ्या आतड्यात चालतं. त्याला ओकता येत नाही. तोंडानं श्वासही घेता येत नाही, फक्त नाकानं. माथेरानच्या तांबड्या धुळीत दिवसभर माणसं वाहणाऱ्या जनावराकडे हे माहीत असताना पाहिलं, की नजर आपोआप नाकपुड्यांवर जाते. आणि गंमत अशी, की जगातलं पहिलं पशुवैद्यकीय महाविद्यालय फ्रान्सच्या ल्यों शहरात 1761 साली ज्यांनी स्थापन केलं, ते क्लोद बुर्जला मुळात घोडेस्वारीचे शिक्षक होते. युरोपातले गोठे तेव्हा बुळकांडीनं ओस पडत होते. ती बुळकांडी जगातून संपल्याचं जाहीर झालं 2011 साली, अडीचशे वर्षांनी.

मोहोपाड्याच्या मुलीनं सुरुवात कुठून करावी? आधी धनुर्वाताचं इंजेक्शन आणि डॉक्टरांच्या सल्ल्यानं रेबीजची प्रतिबंधक लस. मग सरकारी पशुवैद्यकीय दवाखान्यात जाऊन डॉक्टरांना विचारावं, पावसाळ्याआधी घटसर्प-फऱ्याच्या लसीकरणाला बरोबर येऊ का. आणि संध्याकाळी ओळखीतल्या कुणा काकांच्या गोठ्यात म्हशीजवळ.

म्हशीसाठी मात्र वेळ द्यावा लागतो. गाईच्या कासेत थोडं दूध आधीच खाली उतरून साठलेलं असतं. म्हशीचं जवळजवळ सगळं वर, बारीक पिशव्यांत असतं. मेंदूतून सुटलेलं ऑक्सिटोसिन रक्तातून कासेपर्यंत पोचलं, की पान्हा फुटतो. भीती वाटली, की तो अडतो. नवखं माणूस, नवा वास, मोठा आवाज, आणि म्हैस पान्हा चोरते. काका मुलीला म्हणतील, ताई, तू जरा बाहेर थांब. दुसऱ्या दिवशीही तेच. चार-आठ दिवस पेंढा टाकत, शेण काढत, न बोलता वावरल्यावर एका संध्याकाळी ती शेजारी उभी असतानाच रेडकू ढुशी मारतं, म्हैस कान सैल सोडते, आणि बादलीच्या तळाशी पहिली धार वाजते.