थंडीत सकाळी इंजिन का वाजतं? गॅरेज टाकणाऱ्यांनी आधी हे समजून घ्या

वारंगा फाट्यासारख्या ठिकाणी गॅरेज टाकायचं म्हणणारे बरेच जण आहेत. जागा चांगलीच आहे. नांदेड-हिंगोली रस्ता आणि यवतमाळकडून येणारा नागपूरचा महामार्ग इथे एकत्र येतात. ट्रक, पिकअप, ट्रॅक्टर सगळंच. पण गिऱ्हाईक टिकतं ते निदानावर. डिसेंबर-जानेवारीत सकाळी सकाळी एकच तक्रार येते, "सेल्फ मारला की इंजिन वाजतंय." तेव्हा काय सांगणार?

आधी ऑइलचा प्रवास

गाडी रात्रभर उभी राहिली की ऑइल खाली चेंबरमध्ये उतरतं. वर पातळ थर तेवढा राहतो. सेल्फ मारल्यावर पंप जाळीतून ऑइल ओढतो, फिल्टरमधून गॅलरीत पाठवतो. तिथून क्रँकच्या बेअरिंगला, आणि सगळ्यात शेवटी वर हेडला, म्हणजे कॅम, रॉकर, टॅपेट यांना. थंड ऑइल घट्ट असतं, म्हणून वर पोचायला जरा वेळ लागतो. तेवढा वेळ धातूवर धातू वाजतो. म्हणून एक-दोन सेकंदांच्या आवाजाने घाबरायचं नाही. तो जास्त वेळ राहिला तर बघायचं.

ऑइलचा नंबर काय सांगतो?

डब्यावर १५डब्ल्यू-४० लिहिलेलं असतं. 'डब्ल्यू' म्हणजे हिवाळा. आधीचा आकडा जितका लहान, तितकं ऑइल थंडीत लवकर वाहतं. नंतरचा आकडा गरम इंजिनमधला घट्टपणा सांगतो. १५डब्ल्यू ऑइलची थंडीतली चाचणी शून्याच्या खाली २० अंशांवर होते. आपल्याकडे कडाक्याची थंडी म्हटली तरी पारा शून्याच्या बराच वर असतो. म्हणजे योग्य नंबरचं, चांगलं ऑइल असेल तर नुसत्या थंडीवर खापर फोडता येत नाही. कारण दुसरीकडे शोधा. ऑइल जुनं होऊन घट्ट झालंय का? पातळी कमी आहे का? कुणी 'आवाज कमी होईल' म्हणून जास्त जाड ऑइल टाकलंय का?

फिल्टरमधला रबरी पडदा

बऱ्याच फिल्टरमध्ये एक रबरी पडदा असतो. इंजिन बंद झाल्यावर तो ऑइल मागे जाऊ देत नाही. हलक्या फिल्टरमधलं रबर लवकर कडक होतं आणि रात्रीत फिल्टर रिकामा होतो. आडवा किंवा उलटा बसणारा फिल्टर असेल तर हे जास्त. सकाळी तो आधी भरणार, मग ऑइल पुढे जाणार. थोड्या पैशांची बचत रोज सकाळी बेअरिंगमधून वसूल होते!

आवाज ओळखा

- वरून बारीक टकटक, थोड्या वेळात बंद: टॅपेट. ऑइल आणि फिल्टर बघा, क्लिअरन्स तपासा.
- पुढून खडखड: टायमिंग चेनचा टेन्शनर. काही इंजिनांत तो ऑइलच्या दाबावर चालतो.
- डिझेलचा कडक ठोका, पांढरा धूर, गरम झाल्यावर कमी: थंड सिलिंडरमध्ये डिझेल उशिरा पेटतंय. ग्लो प्लग असतील तर तपासा.
- खालून जाड ठोके, रेस दिल्यावर वाढणारे: बेअरिंगचा संशय. इंजिन लगेच बंद.

ऑइलचा लाल दिवा सुरू केल्यावर काही सेकंदांत विझलाच पाहिजे. नाही विझला तर "चालवून बघू" म्हणायचंच नाही.

दाब म्हणजे प्रवाह नव्हे

हा मुद्दा वहीत लिहून ठेवा. थंड, घट्ट ऑइलवर गेज जास्त दाब दाखवतो, पण ऑइल वाहतंय कमी. म्हणून सकाळचा काटा बघून "इंजिन एकदम ओके" सांगू नका. प्रेशर स्विचच्या जागी मेकॅनिकल गेज लावा. थंड इंजिनवर एकदा आणि पूर्ण गरम झाल्यावर आयडलला एकदा, असे दोन आकडे घ्या आणि कंपनीच्या मॅन्युअलशी ताडून बघा. झिजलेलं बेअरिंग गरम आयडलला उघडं पडतं.

आता धंद्याचं बोलू

टकटक ऐकली की "इंजिन बांधावं लागेल" म्हणणारे खूप. हळदीच्या काढणीच्या तोंडावर शेतकऱ्याचा ट्रॅक्टर खोलून ठेवला आणि दोष फिल्टरचा निघाला, तर तो माणूस परत येत नाही. उलट, खालचा ठोका 'थंडीमुळे आहे' म्हणून सोडून दिला तर क्रँक जातो. दोन्हीकडे नुकसान गिऱ्हाइकाचं, आणि नाव तुमचं जातं.

म्हणून हिवाळ्यात 'सकाळची तपासणी' ही वेगळी सेवा ठेवा. गाडी रात्री गॅरेजला लावून घ्या, म्हणजे पहिला स्टार्ट तुमच्यासमोर होईल. जॉब कार्डवर ऑइलचा नंबर, पातळी, आवाज किती सेकंद, दाबाचे दोन आकडे लिहा. समजा, तपासणीचे २०० रुपये घेतले आणि दिवसाला ५ गाड्या आल्या, तर १,००० रुपये झाले. भाव तुमच्या भागाप्रमाणे ठरवा, पण निदान फुकट देऊ नका.

बीएस-६ डिझेल गाडीत मॅन्युअलमध्ये लिहिलेल्याच दर्जाचं ऑइल टाका, नाहीतर धुराचा फिल्टर लवकर चोंदतो. काढलेलं जळकं ऑइल नालीत सोडायचं नाही. साठवून अधिकृत रिसायकलरला द्या.

गिऱ्हाइकाला जाताना दोन गोष्टी सांगा: सुरू केल्या केल्या रेस द्यायची नाही, आणि अर्धा-एक मिनिट थांबून हळूहळू निघायचं. टर्बोच्या गाडीला तर हे हवंच.

या आठवड्याचा गृहपाठ: ओळखीच्या ५ गाड्यांचा सकाळचा पहिला स्टार्ट ऐका आणि प्रत्येकाची नोंद वहीत करा. कान तयार झाला की मग गाळ्याचं डिपॉझिट भरा!