चांदीच्या तबकडीवरील जग

एखादे बंदर किंवा एखादी नदी जगात कोठे आहे, हे पाहावयाचे झाल्यास आपण नकाशासंग्रह उघडतो. बाराव्या शतकात मात्र दूरच्या देशांची माहिती बहुधा व्यापारी व खलाशी यांच्या तोंडूनच कळत असे. तीत सत्य किती आणि कल्पित किती, हे ठरविणे कठीण होते.

भूमध्य समुद्रातील सिसिली बेटावर त्या काळी दुसरा रॉजर हा ख्रिस्ती राजा राज्य करीत होता. जग नेमके कसे आहे, हे जाणण्याची त्याला तीव्र जिज्ञासा होती. पालेर्मो या आपल्या राजधानीत त्याने अल् इद्रिसी या मुसलमान भूगोलशास्त्रज्ञाला आश्रय दिला आणि हे कार्य त्याच्यावर सोपविले.

प्रथम जुने ग्रंथ तपासण्यात आले. परंतु त्यांचा एकमेकांशी मेळ बसेना. तेव्हा देशोदेशींच्या जाणत्या प्रवाशांना बोलावण्यात आले. त्यांना कधी एकत्र, तर कधी एकेकट्याने प्रश्न विचारले जात. ज्या गोष्टीविषयी सर्वांचे सांगणे जुळे, ती स्वीकारली जाई. जिच्याविषयी मतभेद असे, ती बाजूला ठेवली जाई. हे काम सुमारे १५ वर्षे चालले.

त्यानंतर चांदीच्या मोठ्या तबकडीवर जगाचा नकाशा कोरण्यात आला. त्याच्या जोडीला इद्रिसीने अरबी भाषेत एक ग्रंथ लिहिला. त्याने मनुष्यवस्तीच्या पृथ्वीचे सात पट्टे कल्पिले व प्रत्येक पट्ट्याचे दहा भाग पाडून एकंदर ७० नकाशे तयार केले. त्यांत दक्षिण दिशा वर आणि उत्तर दिशा खाली आहे! आपल्या कोकणातील ठाणे व सोपारा या ठिकाणांचा उल्लेखही या ग्रंथात आढळतो.

या नकाशांत चुकाही होत्या. भारताचे द्वीपकल्प त्यांत नीट उमटले नाही आणि अमेरिका खंड तर त्या काळी तेथे कोणाला ठाऊकच नव्हते.

इ. स. ११५४ च्या प्रारंभी ग्रंथ पूर्ण झाला आणि त्याच वर्षी रॉजर राजा मरण पावला. चांदीची ती मौल्यवान तबकडी पुढे नाहीशी झाली. परंतु ग्रंथाच्या हस्तलिखित प्रती टिकून राहिल्या. इ. स. १९२८ मध्ये कोनराट मिलर या जर्मन विद्वानाने त्यांतील नकाशे जुळवून एक सलग नकाशा प्रसिद्ध केला. चांदी गेली; पण पारखून घेतलेले ज्ञान कागदावर मागे उरले.