खडकीची बिनतारी आणि सरकारचा हक्क

ब्रिटनमध्ये तारयंत्रणा खासगी कंपन्यांनी उभारली होती. ती विकत घेण्यासाठी तिथल्या सरकारला 1868 मध्ये कायदा करावा लागला आणि 1870 मध्ये ती टपाल खात्याकडे आली. भारतात तार मुळातच सरकारी. 1885 च्या तार कायद्याच्या चौथ्या कलमाने तो एकाधिकार पक्का केला; खासगी कंपनीला मिळणार तो फक्त परवाना. चालवणारा एक आणि हक्कदार दुसरा, ही व्यवस्था भिवंडीकरांना विजेमुळे परिचित आहे: 2007 पासून शहरातील वितरण टोरंट पॉवर सांभाळते, परवाना मात्र महावितरणचा.

परदेशी संदेशांचा कारभार असाच परवान्यावर चाले. 1870 मध्ये मुंबई ते एडन समुद्रतळाशी केबल पडली. पाण्याखालची लांब केबल विद्युतभार साठवते, त्यामुळे संकेत पसरट होतात आणि संदेशांचा वेग मर्यादित राहतो. बिनतारीने ही अडचण ओलांडली. जुलै 1927 मध्ये इंडियन रेडिओ टेलिग्राफ कंपनीने ब्रिटनशी ‘बीम’ सेवा सुरू केली. प्रक्षेपण खडकीहून होई आणि ग्रहण दौंडला, कारण जवळच्या प्रबळ प्रक्षेपणात दूरचा क्षीण संकेत बुडून गेला असता. उंच मनोऱ्यांवर टांगलेले तारांचे पडदे आखूड रेडिओलहरी एकाच दिशेला वळवत. वातावरणातील आयनांच्या थरावरून परावर्तित होत त्या हजारो किलोमीटर जात, तेही तुलनेने कमी शक्तीत. हा थर दिवसा आणि रात्री बदलतो. म्हणून तरंगलांबीही बदलावी लागे.

बिनतारी स्वस्त पडू लागली आणि केबल कंपन्यांचे उत्पन्न घटले. अखेर 1932 मध्ये भारतातील दोन्ही सेवा इंडियन रेडिओ अँड केबल कम्युनिकेशन्स या एकाच खासगी कंपनीत आल्या. अशी मक्तेदारी खासगी हाती ठेवणे धोक्याचे होते. मुंबईची टेलिफोन कंपनी सरकारने 1943 मध्येच घेतली होती. 1945 च्या राष्ट्रकुल परिषदेने परदेशी तारसेवा सार्वजनिक मालकीत घेण्याची शिफारस केली. 1 जानेवारी 1947 रोजी भारत सरकारने कंपनी ताब्यात घेऊन ओव्हरसीज कम्युनिकेशन्स सर्व्हिस स्थापन केली. त्याच दिवशी ब्रिटनमध्ये 1946 च्या कायद्यानुसार केबल अँड वायरलेसचे राष्ट्रीयीकरण झाले. स्वातंत्र्याच्या उंबरठ्यावरील देशाने परदेशी संपर्काची सूत्रे स्वतःकडे घेतली, हे योग्यच झाले.

1986 मध्ये या सेवेचे रूपांतर विदेश संचार निगममध्ये झाले. 2002 मध्ये निगमातील 25 टक्के हिस्सा टाटा समूहाला विकला गेला; परवाना देण्याचा अधिकार मात्र 1885 च्या कायद्यानुसार सरकारकडेच राहिला.