किंमत दीडशे, टपाल अडीचशे!

"ताई, अडकित्ता दीडशेला मिळाला, पण हातात पडेपर्यंत चारशे गेले हो!" आमच्या बचत गटातली मैत्रीण अगदी रडवेली झाली होती. सासूबाईंच्या पंचाहत्तरीला द्यायचा म्हणून घरखर्चातून वाचवलेले पैसे होते ते. ऑनलाइन लिलावात १५० रुपयांची बोली लागली, त्या आनंदात २५० रुपये टपालखर्चाची ओळ तिनं वाचलीच नाही. पार्सलवर मात्र टपालाची रक्कम होती फक्त ९३ रुपये!

ही युक्ती जुनीच. पूर्वी अशा साइट फक्त वस्तूच्या किमतीवर कमिशन घेत. मग विक्रेते किंमत कमी नि टपाल जास्त लावत. म्हणून तर ईबेने २०११ मध्ये अमेरिकेत टपालखर्चावरही कमिशन लावलं.

"रडू नकोस, आधी पार्सलचा फोटो काढ," मी म्हटलं. दोघींनी मिळून विक्रेत्याला सभ्य भाषेत लिहिलं. पॅकिंगचे पैसे धरून त्यानं १०० रुपये परत केले. दाद मिळाली नसती, तर ग्राहक हेल्पलाइनचा १९१५ क्रमांक होताच.

२०२० च्या ई-कॉमर्स नियमांनुसार डिलिव्हरीसह एकूण किंमत दाखवणं बंधनकारक आहे. पण ती वाचणं आपलंच काम ना!

मैत्रिणींनो, भाजीवाल्याकडे आपण कोथिंबिरीची काडीही सोडत नाही. मग इथंच घाई का? आधी टपाल किमतीत मिळवा, मगच बोली लावा.