रक्त येतं म्हणून घासणं थांबवू नका

"घासलं की रगत येतंय, म्हणून त्या अंगाला मी ब्रश लावीतच नव्हते." घनसावंगी तालुक्यातल्या माझ्या मावशीनं हे सांगितलं, तेव्हा तिचे खालचे पुढचे दोन दात हलत होते. रक्त तर कधीच थांबलंय, असंही ती म्हणाली. शेजारणीच्या सांगण्यावरून तिनं मिश्री धरली आणि महिन्या-दोन महिन्यांत थुंकी पांढरी झाली. हिरड्या बऱ्या झाल्या असं समजून पुढची सात-आठ वर्षं ती निर्धास्त राहिली.

रक्त आलं की घासणं थांबवायचं आणि रक्त थांबलं की आजार गेला असं समजायचं, या दोन समजुतींपायी जालना जिल्ह्यातल्या गावागावांत चाळिशी-पन्नाशीतच माणसं बोळकी होताना मी पाहिली आहेत. यातले पुष्कळ दात वाचले असते.

हिरडी सुजली की आपल्याकडे पहिला संशय उष्णतेवर जातो. मग गुलकंद येतो, सब्जा येतो, तिखट बंद होतं. ज्या मुलखात उन्हाळ्यात पारा चाळिशी ओलांडतो, तिथं हे पटायलाही सोपं. पण कारण पोटात नसतं, ते दाताच्या मुळाशी असतं. सकाळी उठल्यावर नखानं दात आणि हिरडीच्या सांध्यावर हलकेच खरवडून पाहा. नखावर लोण्यासारखा पांढरट, चिकट लगदा येईल. तो जंतूंचा थर. रोज बसतो, चूळ भरून निघत नाही, घासूनच निघतो. तो तिथंच राहिला की शरीर त्याच्याशी लढायला त्या जागी जास्त रक्त पाठवतं. हिरडी लाल होते, फुगते, आणि ब्रश नुसता लागला तरी रक्त येतं.

हे डेन्मार्कमधल्या आरहूस इथं हाराल्ड लो या दंतवैद्यानं १९६५ साली अगदी साध्या प्रयोगातून दाखवून दिलं. निरोगी हिरड्यांची १२ माणसं घेतली. त्यातली बहुतेक दंतवैद्यकाच्या पहिल्या वर्षाचे विद्यार्थी होती. त्यांना दात घासणं बंद करायला सांगितलं. १० ते २१ दिवसांत एकूण एक जणाच्या हिरड्या सुजल्या. मग पुन्हा घासायला लावलं, तर आठवडाभरात हिरड्या पूर्ववत झाल्या. सूज नुकतीच आलेली असेल, तर ब्रश हेच तिचं औषध, हे या प्रयोगातून कळलं. रक्त येतं म्हणून तिथं घासणं सोडलं, तर आपण औषधच बंद करतो.

"आमच्या आजोबांनी जन्मात ब्रश धरला नाही, नव्वदीत ऊस सोलून खायचे," असं सांगणारा एकजण प्रत्येक गावात भेटतो. तो खोटं बोलत नाही. याच लो यांनी पुढं श्रीलंकेतल्या चहामळ्यांवरच्या ४८० मजुरांची वर्षानुवर्षं पाहणी केली. दात घासण्याची सवय नसलेली, दंतवैद्याचं तोंडही न पाहिलेली ही माणसं. शंभरातल्या ११ जणांचा आजार सुजेच्या पुढं सरकलाच नाही. ८ जणांचा झपाट्यानं वाढला आणि उरलेल्या ८१ जणांचा सावकाश, पण वाढतच गेला. आजोबा त्या अकरातले होते. नातूही त्यातलाच निघेल याची खात्री कुणी देऊ शकत नाही.

न निघालेल्या थरावर लाळेतला चुना बसत जातो आणि काही दिवसांत त्याचं कडक कीटण होतं. लाळेच्या नळ्या जिभेखाली उघडतात, म्हणून खालच्या पुढच्या दातांच्या आतल्या बाजूला ते सगळ्यात जास्त साठतं. मावशीच्या तोंडात मोबाइलचा टॉर्च मारून मी पाहिलं. चारही दातांच्या मागं पिवळट-काळी, सिमेंट थापल्यासारखी सलग भिंत होती. दात कुठं संपतो आणि कीटण कुठं सुरू होतं, ते ओळखू येईना. हिरडी मात्र लाल नव्हती. फिकट, जाडसर, वरवर पाहणाऱ्याला धडधाकट वाटेल अशी.

ही करामत मिश्रीची. लोखंडी तव्यावर तंबाखूची पानं काळी होईपर्यंत भाजायची, ठसका लागेल असा धूर घरभर होऊ द्यायचा, मग हातानं चुरून डबीत भरायची. मिश्री म्हणजे हीच भाजलेली तंबाखू. सकाळी बोटानं हिरडीवर फिरवली की जरा गरगरतं, बरं वाटतं, दुपारी पुन्हा तलफ येते. अनेक जणी याला व्यसन म्हणतच नाहीत, कारण ती 'दात घासायला' असते. तिच्यातल्या निकोटीननं हिरडीच्या बारीक रक्तवाहिन्या आवळतात आणि रक्त येणं कमी होतं. आत आजार चालूच असतो, फक्त त्याची खूण पुसली जाते. शिवाय तंबाखूनं हिरडीची भरून येण्याची ताकद घटते आणि तोंडाच्या कर्करोगाचा धोका वाढतो. राज्यात २०१२ पासून गुटख्यावर बंदी आहे; मिश्री मात्र घरच्या चुलीवरच भाजली जाते, तिथं कायदा पोचत नाही. तिथं घरातल्या लेकी-सुनांनीच बोलायला हवं.

सूज हिरडीपुरती आहे तोवर सगळं परत मिळवता येतं. पण कीटण हिरडीच्या खाली उतरलं की दात आणि हिरडी यांच्यामधली खोबण वाढत जाते. निरोगी तोंडात ही खोबण १ ते ३ मिलिमीटरची असते. आजारात ती खोल जाते, तिच्यात पू होतो, दाताला धरून ठेवणारं हाड झिजतं. यालाच लोक पायरिया म्हणतात. झिजलेलं हाड बहुतेकदा परत येत नाही. आणि हे सगळं जवळजवळ न दुखता होतं. किडलेली दाढ माणसाला रात्री उठवून दवाखान्यात नेते, हिरडी तसं करत नाही. म्हणून माणूस येतो तो दात हलायला लागल्यावर.

आता मोसंबीबद्दल, कारण जालन्यात हिरड्यांचा विषय निघाला की "मोसंबी खा" हे ठरलेलं उत्तर. त्यात तथ्य आहे. १७४७ साली सॅलिसबरी या ब्रिटिश जहाजावर जेम्स लिंड या डॉक्टरनं स्कर्व्हीच्या १२ रुग्णांच्या सहा जोड्या केल्या आणि प्रत्येक जोडीला वेगळा उपाय दिला. हिरड्या सडलेल्या त्या खलाशांपैकी ज्या दोघांना रोज संत्री आणि लिंबू मिळालं, ते सहा दिवसांत उठून बसले. स्कर्व्ही होते ती क जीवनसत्त्वावाचून; त्याच्याविना हिरडीची वीण उसवते, आणि मोसंबीत ते भरपूर असतं. पण आज आपल्याकडे हिरडीतून रक्त येणाऱ्या बहुतेकांना स्कर्व्ही नसते, त्यांच्या दातांवर थर असतो. तो मोसंबीनं निघत नाही. आपल्या बागेतलं फळ जरूर खा. फक्त रसवंतीवरचा साखर घातलेला ग्लास हिरड्यांचं औषध म्हणून पिऊ नका, मधुमेह असेल तर मुळीच नको.

मधुमेहाचा आणि हिरड्यांचा संबंध दुहेरी आहे. साखर वाढलेली असली की हिरड्या लवकर बिघडतात, आणि हिरड्यांत पू असला की साखर आटोक्यात राहत नाही. वारंवार हिरडी सुजत असेल, तर साखर तपासून घ्या. गरोदरपणात संप्रेरकांमुळे हिरड्या पटकन सुजतात. मधल्या तीन महिन्यांत दात निर्धास्त साफ करून घेता येतात. रक्तदाबासाठी दिली जाणारी अम्लोडिपिन आणि फिट्सवरची फेनिटॉइन या गोळ्यांनी काहींच्या हिरड्या वाढून दातांवर चढतात. तसं दिसलं तर डॉक्टरांना दाखवा, गोळी आपल्या मनानं बंद करू नका.

उपचाराचा पाया एकच, कीटण काढणं. दंतवैद्य यंत्रानं ते काढतात; खोबणी खोल असतील तर भूल देऊन मुळं साफ करतात, आणि त्यानंही भागलं नाही तर हिरडी उघडून छोटी शस्त्रक्रिया करतात. "दात साफ केले की ढिले होतात" ही भीती आपल्याकडे घट्ट बसली आहे. खरं असं की दात आधीच ढिले झालेले असतात. कीटणाच्या भिंतीनं ते एकमेकांना टेकून उभे असतात, म्हणून कळत नाही. मावशीलाही हेच समजावायला तीन फेऱ्या लागल्या. मेडिकलमधून परस्पर आणलेल्या अँटिबायोटिकच्या चार गोळ्यांनी सूज बसते आणि आजार तसाच राहतो. कोमट मिठाच्या पाण्याच्या गुळण्यांनी आराम पडतो, त्या जरूर करा. क्लोरहेक्सिडिनचं औषधी पाणी मात्र सांगितलेल्या दिवसांपुरतंच वापरा, नाहीतर दातांवर तपकिरी डाग पडतात. दुखऱ्या हिरडीवर तंबाखूची चिमूट किंवा ॲस्पिरिनची गोळी धरू नका, कातडी जळते.

राख, कोळसा, विटकरीची भुकटी यांनी दात चकचकीत होतात तसे झिजतातही. कडुनिंबाची किंवा बाभळीची काडी नीट चावून मऊ केली तर थर निघतो. पण दातांच्या आतल्या बाजूला ती पोचत नाही आणि कीटण तर तिथंच बसतं. मऊ ब्रश घ्या. त्याचे केस हिरडीच्या कडेकडे तिरपे टेकवा, जागच्या जागी हलकेच हलवा. दोन मिनिटं, दोन वेळा, त्यातली एक झोपण्यापूर्वी. ज्या जिल्ह्यानं २०१२-१३ च्या दुष्काळात मोसंबीच्या उभ्या बागा वाळताना पाहिल्या, तिथं पाण्याचा हिशोब करावाच लागतो. या कामाला एक तांब्याही पुरून उरतो.

खासगी दवाखान्याचा खर्च झेपत नसेल, तर छत्रपती संभाजीनगरला घाटी रुग्णालयाच्या आवारात शासकीय दंत महाविद्यालयाचं रुग्णालय आहे. जालन्याहून ६० किलोमीटर, रेल्वे थेट जाते. ऊसतोडीला जाणाऱ्यांनी कोयता बाहेर पडण्याआधी एकदा जाऊन यावं. नंतर पाच-सहा महिने फडात कोण दात बघतो?

गालावर सूज, ताप, तोंड न उघडणं किंवा गिळायला त्रास असेल, तर त्याच दिवशी निघा. दोन आठवड्यांत न भरणारी जखम किंवा पांढरा-लाल चट्टा दिसला, तरी दाखवून घ्या. बाकीच्यांनी आज रात्रीपासून रक्त येतं तिथंच, हलक्या हातानं पण नेमानं घासायला लागा. पंधरा दिवसांत रक्त थांबलं नाही, तर सोळाव्या दिवशी दवाखाना गाठा.