अकरा महिन्यांचा करार आणि 1827 चा दाखला

भाड्याचा करार अकरा महिन्यांचाच का, असे नवी मुंबईत कोणालाही विचारा. उत्तर ठरलेले आहे: वर्षाच्या आतला करार नोंदवावा लागत नाही. 1908 चा नोंदणी कायदा खरोखरच तसे सांगतो. पण महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायदा 31 मार्च 2000 रोजी लागू झाला आणि त्याच्या कलम 55 ने ही पळवाट बंद केली. करार अकरा महिन्यांचा असो की अकरा दिवसांचा, तो लेखी हवा आणि नोंदलेला हवा. नोंदणीची जबाबदारी घरमालकाची. चुकवली तर तीन महिन्यांपर्यंत कैद किंवा पाच हजार रुपयांपर्यंत दंड, किंवा दोन्ही. म्हणजे अकरा महिन्यांमागचे कारण संपून पाव शतक झाले, आकडा मात्र तसाच राहिला. त्या आकड्यामुळे जवळपास दरवर्षी नवा करार करावा लागतो, आणि त्यावर कितीतरी घरे चालतात.

सारसोळे हे अशाच घरांचे एक ठिकाण. नेरूळच्या सेक्टर 6 मधले हे जुने कोळ्यांचे गाव. पाम बीच रस्ता ओलांडला की जेट्टी, खारफुटी आणि खाडी. रस्त्याच्या अलीकडे गावठाणातली एकमेकांना खेटून वाढलेली घरे. आणि चहूबाजूंनी नवी मुंबई वसवणाऱ्या सिडकोच्या आखणीतल्या सोसायट्या. गावातल्या घराचा वरचा मजला असो की सोसायटीतला वन बीएचके, दोन्हीकडे भाडेकरू आहेत. नेरूळसारख्या भागात झेरॉक्सच्या दुकानावर, इस्टेट एजंटच्या काचेवर पाटी असतेच: रेंट ॲग्रीमेंट, घरपोच थंब, पोलीस व्हेरिफिकेशन.

‘थंब’ म्हणजे अंगठा. 2013 च्या महाराष्ट्र ई-नोंदणी आणि ई-फायलिंग नियमांनी भाडेकरार दुय्यम निबंधकाच्या कार्यालयात न जाता नोंदवण्याची वाट मोकळी केली. एक माणूस लॅपटॉप, वेबकॅम आणि बोटभर आकाराचे बायोमेट्रिक यंत्र घेऊन संध्याकाळी घरी येतो. मालक, भाडेकरू आणि दोन साक्षीदारांचे फोटो आणि अंगठे घेतले जातात, आधारशी जुळवले जातात. पैसे ‘ग्रास’ या सरकारी प्रणालीवर चलानाने भरले जातात. निबंधक आपल्या टेबलावरून मसुदा तपासतो, डिजिटल सही करतो आणि पीडीएफ येते. मुद्रांक शुल्क एकूण भाड्याच्या पाव टक्का. भाडे 20 हजार आणि डिपॉझिट एक लाख धरले, तर अकरा महिन्यांचे भाडे 2 लाख 20 हजार, त्यात डिपॉझिटवरचे दहा टक्क्यांनी होणारे व्याज. शुल्क होते साधारण 575 रुपये. महापालिका हद्दीतली नोंदणी फी हजार रुपये. त्यावर एजंटाचा मेहनताना.

मुद्रांक कागदावरून चलानावर येण्यामागे एका घोटाळ्याचा धक्काही होता. अब्दुल करीम तेलगीने नाशिकच्या इंडिया सिक्युरिटी प्रेसमधून मोडीत काढलेली यंत्रे मिळवली आणि त्यांवर बनावट मुद्रांक छापून देशभर विकले. 2001 मध्ये तो पकडला गेला आणि पुढच्या दोन-तीन वर्षांत प्रकरणाचा आवाका कळत गेला, तेव्हा कागदावरचा विश्वासच उडाला होता. मग फ्रँकिंग, मग चलान. बनावट कागदाची जात मात्र मेलेली नाही. ऑक्टोबर 2025 मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने एक आयकर आकारणी रद्द केली, कारण अधिकाऱ्याने आधार म्हणून दिलेले निकाल कुठल्याच न्यायालयाने दिलेले नव्हते. कृत्रिम बुद्धिमत्तेकडून आलेली माहिती तपासल्याशिवाय वापरू नका, असे न्यायालयाला सांगावे लागले.

भारतातल्या कायदेविषयक सेवांच्या वाढीबद्दल वाचायला गेलो की सारसोळे त्यात कुठेच नसते. तिथे असतात 1830 पासून चालत आलेली क्रॉफर्ड बेली, 2015 मध्ये दोन भावांत वाटली गेलेली अमरचंद मंगलदास, त्यातल्या सिरिल अमरचंदने 2019 मध्ये कायदा-तंत्रज्ञानातल्या नवउद्योगांसाठी सुरू केलेला ‘प्रारंभ’ उपक्रम. किंवा अमेरिकी कंपन्यांचे करार मुंबईत बसून वाचणारी पँजिया3: 2004 मध्ये स्थापन झाली, 2010 मध्ये थॉमसन रॉयटर्सने घेतली, 2019 मध्ये ईवायकडे गेली. ही सगळी वाढ खरी आहे. पण ती मोजणाऱ्यांची नजर नरिमन पॉइंटवरून थेट लंडन-न्यूयॉर्ककडे जाते.

त्या बाजूची एक लढाई मात्र सारसोळ्याच्या संदर्भात आठवावी अशी आहे. व्हाइट अँड केस, चॅडबोर्न अँड पार्क आणि ॲशर्स्ट या तीन परदेशी फर्म्सना रिझर्व्ह बँकेने भारतात संपर्क कार्यालये उघडू दिली. 1995 मध्ये ‘लॉयर्स कलेक्टिव्ह’ने त्याला मुंबई उच्च न्यायालयात आव्हान दिले. निकाल लागला 16 डिसेंबर 2009 रोजी: वकिली म्हणजे केवळ कोर्टात उभे राहणे नव्हे, सल्ला देणे, मसुदा करणे हीसुद्धा वकिलीच, आणि ती वकील कायदा 1961 खाली नोंदलेल्यांनीच करायची. मार्च 2018 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने हेच उचलून धरले. 2023 मध्ये बार कौन्सिल ऑफ इंडियाने परदेशी फर्म्ससाठी मर्यादित दार उघडले, तेही फक्त परदेशी आणि आंतरराष्ट्रीय कायद्यापुरते.

इतकी वर्षे न्यूयॉर्कच्या वकिलाने भारतात मसुदा करावा की नाही यावर खल झाला, आणि दरम्यान नेरूळमध्ये कॉमर्सची पदवी घेतलेला मुलगा रोज संध्याकाळी करार करून देऊ लागला. तो सरकारी साच्यात नावे भरतो, हे खरे. पण डिपॉझिट कधी परत, रंगकामाचा खर्च कोणाचा, नोटीस एक महिन्याची की दोन, हे मालक-भाडेकरू त्यालाच विचारतात आणि तो सांगतो. याला सल्ला नाही तर काय म्हणायचे? वकिलांच्या संघटनांनी यावर फारसा आवाज केल्याचे दिसत नाही. माझ्या मते ते बरेच झाले, कारण एवढ्या कामासाठी वकिलाची फी कोणी दिली नसती आणि करार तोंडीच राहिले असते.

इथवर सगळे सोपे आहे. अवघड भाग गावठाणात सुरू होतो.

नोंदणी झाली म्हणजे मालकी सिद्ध झाली असे नव्हे. निबंधक दस्त नोंदवतो. मालकी तपासणे हे त्याचे काम नाही, हे सर्वोच्च न्यायालयाने एप्रिल 2025 मध्ये तामिळनाडूच्या एका प्रकरणात पुन्हा सांगितले. त्यामुळे नियोजनाच्या नकाशात जे घर अनधिकृत, त्याच्या खोलीचाही भाडेकरार रीतसर नोंदला जाऊ शकतो. मुद्रांक शुल्क मिळते, महापालिकेला घरपट्टी मिळते. घर विकायला काढले की मात्र यंत्र थांबते. भोगवटा प्रमाणपत्र नसेल तर बँक कर्ज देत नाही, नोंदणीचा रस्ता अडतो, आणि व्यवहार नोटरीपुढे केलेल्या करारनाम्यावर आणि कुलमुखत्यारपत्रावर होतो. अशा कागदाने मालकी जात नाही, हे 2011 च्या सूरज लॅम्प प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने स्पष्ट केले आहे. तरी हे कागद होतातच.

ही घरे अशी का, याचे उत्तर 17 मार्च 1970 ला स्थापन झालेल्या सिडकोत आहे. ठाणे, पनवेल, उरण पट्ट्यातल्या 95 गावांची जमीन संपादित झाली. गावठाणाची हद्द मात्र बापजाद्यांच्या वेळची राहिली. कुटुंबे वाढली आणि हद्दीबाहेर घरे उठली. त्यांना इकडे ‘गरजेपोटी बांधलेली घरे’ म्हणतात. सरकारने ती नियमित करण्याचे निर्णय घेतले, 2022 मध्येही घेतला, तरी प्रश्न सुटलेला नाही. जानेवारी 1984 मध्ये जासई-दास्तान फाट्याच्या आंदोलनात गोळीबार झाला, पाच जण हुतात्मा झाले. त्या लढ्याचे नेते दि. बा. पाटील स्वतः वकील होते. संपादित जमिनीच्या साडेबारा टक्के विकसित भूखंड परत मिळण्याची योजना त्या लढ्यातूनच आली, आणि या भागातल्या वकिलांचे एक मोठे कामही तिथूनच आले.

जमीन ज्याच्या नावावर होती तो आजोबा केव्हाच गेलेला. भूखंड घ्यायचा तर वारस कोण, हे न्यायालयाकडून आणावे लागते. त्यासाठीचा अर्ज होतो मुंबई विनियम 8, सन 1827 खाली. माउंटस्टुअर्ट एल्फिन्स्टनच्या गव्हर्नरपदाच्या अखेरच्या वर्षातला हा विनियम आजही अंमलात आहे. अर्ज, वंशावळ, मृत्यूचे दाखले. मग जाहीरनामा, आणि हरकतींसाठी एक महिना. मिळालेल्या वारस दाखल्याने मालकी ठरत नाही, फक्त वारस म्हणून ओळख मिळते. जाहीर नोटीस वर्तमानपत्रात येते. एक गंमत अशी की बार कौन्सिलच्या नियम 36 नुसार वकिलाला जाहिरात करता येत नाही; मालमत्तेवर हरकती मागवणाऱ्या नोटिशीत मात्र त्याचे नाव, पत्ता, मोबाइल क्रमांक सगळे छापून येते.

वारस दाखल्याच्या अर्जालाही आता सोळा अक्षर-अंकांचा सीएनआर हा न्यायालयीन प्रकरण-क्रमांक मिळतो, तारीख मोबाइलवर दिसते. सप्टेंबर 2023 मध्ये केंद्राने ई-कोर्ट्सच्या तिसऱ्या टप्प्याला 7,210 कोटी रुपये मंजूर केले. त्यातले दोन हजार कोटींहून अधिक जुने कागद स्कॅन करण्यासाठी. वकिलाचा फायदा उघड आहे: तारीख पाहायला कारकुनाला बेलापूरला पाठवावे लागत नाही. अर्जदाराचा फायदा थोडा. हरकतीचा महिना तेवढाच राहतो, आणि वंशावळीतले एक नाव राहिले तर ते कोणते, हे पोर्टलला कळत नाही.

राहिलेले नाव बहुधा बाईचे असते. 9 सप्टेंबर 2005 पासून मुलीला वडिलोपार्जित मालमत्तेत मुलाइतकाच हक्क मिळाला; तो जन्मतःच आहे, वडील त्या तारखेला हयात असण्याची अट नाही, हे ऑगस्ट 2020 मध्ये सर्वोच्च न्यायालयाच्या विनीता शर्मा निकालाने पक्के केले. त्यामुळे उरणला दिलेली आत्या, करंजाला दिलेली बहीण पुन्हा कागदावर आल्या. साडेबारा टक्क्यांचा भूखंड बिल्डरला द्यायचा तर सिडको, मूळ वारस आणि बिल्डर यांचा त्रिपक्षीय करार होतो, आणि त्यावर या सगळ्यांच्या सह्या लागतात. पूर्वी ‘बहिणी काही म्हणणार नाहीत’ एवढ्यावर भागायचे. आता बिल्डरचाच वकील विचारतो, बहिणी किती, कुठे दिल्यात, हयात आहेत का.

आत्याला हिस्सा नको असेल तर हक्कसोड पत्र. हा दस्त मात्र भाडेकरारासारखा घरपोच थंबवर होत नाही. तिला दुय्यम निबंधकासमोर जावे लागते, तिथल्या कॅमेऱ्यासमोर बसून, समजून सही केली का याचे उत्तर द्यावे लागते. भाच्यांना ही कटकट वाटते; हे काम अजून घरच्या सोफ्यावर आलेले नाही, याचे मला मात्र बरे वाटते. कारण त्या कार्यालयातल्या बाकावर आत्या पहिल्यांदाच विचारते, भूखंड किती मीटरचा आहे.